सात रस्त्याजवळचा मुलाखत-तयारी वर्ग: मोठ्यांना घाला, बालवाडीच्या लेकरांना नको

खाजगी आणि लष्करी शाळांच्या प्रवेश मुलाखतीची तयारी करून देणाऱ्या सोलापुरातल्या या वर्गात दोन तुकड्या चालतात. एक नर्सरी ते पहिलीची, दुसरी आठवी ते अकरावीची. पाटी एक, फीमध्येही फार फरक नाही, पण हातात काय पडतं ते अगदी वेगळं.

आधी मोठ्यांची तुकडी, कारण खरं काम तिथं होतं. दीड तासाच्या १० बैठका, एका वेळी जास्तीत जास्त ८ मुलं, फी ६,००० रुपये. देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची तोंडी परीक्षा, छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची मुलाखत किंवा नववी-अकरावीला निवासी शाळेत जाणारी मुलं इथं येतात. देहरादूनला इंग्रजी १२५, गणित २०० आणि सामान्य ज्ञान ७५ अशी लेखी परीक्षा असते, आणि त्यात पास झालेल्यांची ५० गुणांची तोंडी. साताऱ्याच्या सैनिक शाळेसाठी मात्र या वर्गाला फी भरू नका. तिथं लेखी आणि वैद्यकीय तपासणी आहे, मुलाखत नाहीच. चौकशीला गेलेल्या पालकांना हे काउंटरवरच सांगायला हवं, पण तसं सांगितलं जात नाही.

पहिल्याच बैठकीत मुलाने भरलेला अर्ज समोर ठेवतात आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर तीन प्रश्न विचारतात. ‘छंद: वाचन’ असं लिहिलं असेल तर शेवटचं पुस्तक कोणतं वाचलंस, त्यातलं काय पटलं नाही, का पटलं नाही. बहुतेक मुलं दुसऱ्या प्रश्नाला अडकतात. मग सर छंद खोडून खरा लिहायला लावतात. पतंग, कबुतरं, सायकल दुरुस्ती, जे असेल ते. ही पद्धत बरोबर आहे, कारण मुलाखत घेणारं पॅनेल अर्जावरूनच प्रश्न काढतं.

सर्वांत चांगली बैठक चौथी, ‘आपलं गाव’. टेबलावर सोलापुरी चादर टाकतात आणि मुलाला ती उलटून बघायला सांगतात. जकार्ड मागावर विणलेली असल्यामुळे नक्षी दोन्ही अंगांनी दिसते, रंग तेवढे उलटे होतात. भौगोलिक मानांकन मिळालंय हे पाठ केलेलं मूल एका वाक्यात संपतं. चादर हातात धरून बघितलेलं मूल दोन मिनिटं बोलतं, तेही न अडखळता. तसंच चार हुतात्मा चौकाचं. रोज तिथून जाणाऱ्या मुलांना चारही नावं येत नाहीत. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे; १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. लष्कराच्या शाळेत जाऊ म्हणणाऱ्या सोलापूरच्या पोराला १९३० चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रजांनी शहरात लावलेला लष्करी अंमल, सांगता आलाच पाहिजे, आणि इथं तो नीट समजावून सांगतात.

उणिवा दोन. सरावाच्या पाच मुलाखतींपैकी चार शिकवणारे सरच घेतात. त्यांच्यासमोर मूल सैलावतं आणि परक्या माणसापुढे जाताना घसा कोरडा पडायचा तो पडतोच. निदान तीन तरी बाहेरच्यांनी घ्यायला हव्यात. दुसरं म्हणजे या मुलाखतींचं चित्रीकरण सगळ्या आठ जणांसमोर दाखवतात. बुजरी मुलं त्यानंतर अजूनच गप्प होतात. आपल्या मुलाचं वेगळं दाखवा, असा आग्रह धरा. मागितलं तर देतात. आणि या वर्गात प्रवेश लेखी परीक्षेचा निकाल लागल्यावरच घ्या.

आता लहानांची तुकडी. पाऊण तासाच्या १२ बैठका, ५,००० रुपये, वेळ संध्याकाळी साडेसहा. चार वर्षांचं लेकरू त्या वेळी पेंगतं किंवा किरकिरतं. साहित्य चांगलं आहे: लाकडी ठोकळे, दोरीत ओवायचे मोठे मणी, चित्रांचे पत्ते. पण खेळू न देता घोकून घेतात. लाल पत्ता वर यायच्या आतच मुलं ‘रेड’ म्हणतात, कारण क्रम पाठ झालेला असतो. पत्ते पिसले की सगळं कोसळतं. ‘मायसेल्फ अमुक’ ही सुरुवात तर प्रत्येकाच्या तोंडी. ती चुकीचीही आहे आणि पढवलेलं मूल लगेच ओळखूही येतं.

पूर्व भागातल्या तेलुगू घरातलं मूल केळ्याचं चित्र बघून ‘अरटिपंडु’ म्हणतं, कानडी घरातलं ‘बाळेहण्णु’. दोघांनाही केळं ओळखता आलेलं असतं. इथं त्यांना चूक म्हणून थांबवतात, आणि पुढच्या चित्राला ते मूल तोंडच उघडत नाही. ‘बरोबर! शाळेत त्याला बनाना म्हणतात’ एवढं पुरलं असतं. सोलापुरात वर्ग चालवणाऱ्याला हे जमलंच पाहिजे.

शिवाय शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी, म्हणजे निवडीसाठी परीक्षा किंवा मुलाखत, घ्यायला शाळांना मनाई आहे. पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड, पुढे प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अल्पसंख्याक शाळा या कायद्याबाहेर आहेत. पहिलीच्या पालकांना यातलं काहीही न सांगता ‘मुलाखत अवघड असते’ म्हणून फी घेणं आम्हाला मुळीच पटत नाही.

पालकांसाठीची एक तासाची बैठक मात्र कामाची, आणि ती ३०० रुपयांत वेगळी मिळते. मुलाला विचारलेल्याचं उत्तर आपण द्यायचं नाही, मनात दहा आकडे मोजायचे. आई-वडिलांनी शाळा निवडल्याचं कारण एकच सांगायचं. जन्मदाखला आणि अर्ज यांतलं नावाचं स्पेलिंग जुळवून बघायचं. ३१ डिसेंबरला पहिलीसाठी ६ आणि नर्सरीसाठी ३ वर्षं पूर्ण होतात का, ते आधीच मोजायचं. लहानांसाठी तेवढीच बैठक घ्या. बाकीचा सराव मंगळवार बाजारात होतो: कोथिंबिरीची जुडी कितीला, हे लेकरालाच विचारू द्या आणि सुटे पैसेही त्यालाच परत घेऊ द्या.

मोठ्यांची फी दोन हप्त्यांत भरता येते. दुसरा हप्ता सहाव्या बैठकीनंतर द्या, पावती मागून घ्या, आणि बाहेरच्या माणसाने घ्यायच्या मुलाखतीची तारीख त्यावर लिहून घ्या.