स्टील की टायटॅनियम: हाडावरच्या पट्टीची निवड

आंबे उतरवताना झाडावरून पडून हाताचे हाड मोडलेला रत्नागिरीकडचा रुग्ण, मोडलेले हाड धरून ठेवायला शस्त्रक्रियेने स्क्रू लावून बसवायची पट्टी (प्लेट) कोणत्या धातूची घ्यायची हे बहुधा किमतीवर ठरवतो, आणि स्टील स्वस्त पडते. खाऱ्या हवेने आतली पट्टी गंजेल ही किनाऱ्यावरची भीती मात्र व्यर्थ आहे. खरा खारटपणा शरीरातल्याच द्रवांचा, समुद्राच्या साधारण चौथा हिस्सा. अशा पट्ट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ३१६एल प्रकारच्या स्टेनलेस स्टीलवरील क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर त्याला तोंड देतो, परंतु स्क्रूचे डोके आणि पट्टी यांच्यातल्या फटीत, जिथे प्राणवायू कमी पोहोचतो आणि सूक्ष्म हालचालीने घर्षण होते, तो थर तुटून लोह, क्रोमियम व निकेल आसपासच्या ऊतींत उतरू शकतात. निकेलची ॲलर्जी असल्यास ती शस्त्रक्रियेपूर्वी सांगायलाच हवी. टायटॅनियमचा थर खरवडला तरी क्षणार्धात पुन्हा तयार होतो. शिवाय त्याच्या मिश्रधातूची ताठरता स्टीलच्या जवळपास निम्मी असल्याने हाडावरही पुरेसा भार राहतो. त्याची खोड वेगळी: हाड त्याला इतके घट्ट धरते की काढताना स्क्रू तुटू शकतो. म्हणूनच पट्टी पुढे काढायचीच असेल तर मला स्टील उजवे वाटते, कायमची ठेवायची असेल तर टायटॅनियम.