उपहास शिकवणारा ऑनलाइन कोर्स: साडेतीन तारे, तेही एका गृहपाठामुळे

घरात माझी ख्याती खोचक बोलण्याबद्दल आहे. त्यामुळे उपहासात्मक लेखनाच्या चार आठवड्यांच्या कोर्सची जाहिरात दिसली तेव्हा वाटलं, हे तर आपल्याला येतंच, फक्त सर्टिफिकेट घ्यायचं बाकी आहे. पहिल्याच गृहपाठावर शेरा आला: "हे टोमणे आहेत. उपहास कुठाय?"

दोन दिवस मी रुसून होते.

गृहपाठ होता रोजच्या एखाद्या वैतागावर लिहायचा. मी आमच्या इमारतीतली बंद लिफ्ट घेतली. 'वा, काय ही तत्परता! तीन आठवड्यांत चक्क एक बोर्ड लावलात, दमला असाल!' अशा पंधरा ओळी. शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं, मी चिडलेय हे पहिल्या ओळीतच कळलं, मग उरलेल्या चौदा कशाला? आता स्वतः समिती होऊन लिहा, आणि चुकूनही चिडू नका.

दुसरा खर्डा असा झाला: 'लिफ्ट बंद असल्याने सभासदांची हृदये बळकट होत असल्याचे समितीच्या निदर्शनास आले आहे. सबब, लिफ्ट दुरुस्त करून सभासदांच्या आरोग्याशी खेळण्याचा समितीचा विचार नाही. सातव्या मजल्यावरील सभासदांनी या लाभाबद्दल जादा देखभाल शुल्क भरावे.'

हे लिहिताना मला एकदाही 'वा' म्हणावं लागलं नाही. टोमणा समोरच्याला लागला की त्याचं काम संपतं. इथे मात्र मी समितीचंच तर्कशास्त्र उचललं आणि ते जिथवर जाईल तिथवर सरळ चालत नेलं. जादा शुल्काची ओळ तर मला सुचलीच नाही, ती समितीलाच सुचली असं वाटलं.

यानंतर जोनाथन स्विफ्ट या आयरिश लेखकाचं १७२९ सालचं उपहासात्मक पत्रक वाचायला दिलं होतं, तो क्रम अगदी योग्य. आयर्लंडमधल्या गरिबांची मुलं श्रीमंतांनी खावीत, असा त्यात प्रस्ताव आहे. १,२०,००० मुलांपैकी २०,००० पैदाशीसाठी राखून ठेवावीत, हा हिशेब तो एखाद्या कारकुनाच्या थंडपणे मांडतो. आवाज चढवला असता तर अंगावर काटा आला नसता.

आता तक्रारी. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं कंटाळवाणी आहेत, दीडपट वेगाने ऐका. एका स्लाइडवर 'सटायर' (उपहास) हा इंग्रजी शब्द ग्रीक पुराणातल्या सॅटर या अर्ध्या माणूस-अर्ध्या बोकडावरून आल्याचं ठोकून दिलंय. हा गैरसमज कासोबाँ नावाच्या विद्वानाने १६०५ मध्येच खोडून काढला होता. मूळ लॅटिन 'सातुरा', म्हणजे सरमिसळ. 'सार्कॅझम' (उपरोध) मात्र खरंच ग्रीक, मांस फाडणं या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. एवढी चपखल व्युत्पत्ती हाताशी असताना तिचा कोर्सभर उल्लेख नाही!

नोट्समध्ये उपरोध, उपहास, विडंबन हे शब्द वाट्टेल तसे अदलाबदल करून वापरलेत. मी मुद्रितशोधन करते, मला हे दाताखालच्या खड्यासारखं लागतं. उपरोध ही बोलण्याची तऱ्हा, उलटं बोलून टोचायचं. उपहास हा अख्ख्या लेखनाचा बेत, आणि त्याचं लक्ष्य बहुधा एखाद्या माणसापेक्षा मोठं असतं, एखादी रीत किंवा सत्ता. उपहासात उपरोध वापरता येतो, पण तो नसला तरी अडत नाही, हे वर लिफ्टने दाखवलंच. विडंबन म्हणजे दुसऱ्याच्या शैलीची नक्कल, ते तिसरंच प्रकरण.

एकूण, व्याख्यानांसाठी पैसे देऊ नका, गृहपाठ तपासून मिळणार असेल तरच नाव नोंदवा. माझा शेवटचा गृहपाठ अकरा दिवस उशिरा तपासून आला. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये मी सवयीने लिहिलं, 'वा, काय ही तत्परता!' लगेच उत्तर आलं: 'आपल्या कौतुकाने हुरूप आला. धन्यवाद!' हे बाईंनी लिहिलंय की यंत्राने, ते मला अजून कळलेलं नाही.