रूटकिट नव्हतंच, 92,038 रुपये मात्र गेले

आधी आकडे सांगतो. 3,539 रुपये मी माझ्या हाताने भरले. 49,999 आणि 38,500 फोनवरच्या नकली कस्टमर केअरवाल्यांनी काढले. एकूण 92,038. गावाचं नाव लिहीत नाही, घरच्यांनी तसं बजावलंय. खान्देशातलं तालुक्याचं गाव, तिथे माझं कृषी सेवा केंद्र आहे, आणि खात्यातले पैसे दादर ज्वारी आणि हरभऱ्याच्या बियाण्याच्या बुकिंगचे होते. एवढं पुरे.

फोन करून फसवणारे लोक मला माहीत नव्हते असं नाही. केवायसीवाले, वीजबिलवाले, पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेवाले, सगळ्यांना मी शिव्या घालून फोन ठेवलेला आहे. पण इथे फोन त्यांनी केलाच नव्हता, मी केला होता. "शिकलेला माणूस असून फसला कसा?" असं विचारणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

दुकानाची टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, घरच्या कॉम्प्युटरवर असते. दिवाळीनंतर मशीन फार रखडायला लागलं आणि मधूनच ब्राउझरमध्ये एक लाल पान उघडायचं, रूटकिट (लपून बसणारा व्हायरस म्हणा) आढळले, बँकेची माहिती धोक्यात, खाली नंबर. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्याचं वाचलं होतं, वाटलं त्याचंच काहीतरी असेल. त्या पानावरच्या नंबरला मी फोन लावला नाही, एवढी अक्कल होती. माझ्या अँटिव्हायरसच्या कंपनीचा कस्टमर केअर नेटवर शोधला आणि सगळ्यात वर आला तो नंबर लावला. तो कंपनीचा नव्हता. पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती. नंबर घ्यायचा तर खोक्यावरून घ्या, बिलावरून घ्या, शोधून घेऊ नका.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, घाई नाही, आवाज चढवणं नाही. रूटकिट विंडोजच्या आत खोल बसतं, स्वतःच्या फाइली आणि प्रोसेस लपवतं, म्हणून साध्या अँटिव्हायरसला सापडत नाही, असं त्याने सांगितलं. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं एवढंच, की ते माझ्या मशीनमध्ये होतं. आणि न दिसणारी वस्तू घरात नाही हे घरमालकाने सिद्ध कसं करायचं? त्यांचा सगळा धंदा या एका जागेवर उभा आहे.

त्याने एनीडेस्क, म्हणजे लांबून दुसऱ्याचं मशीन चालवायचं अ‍ॅप, टाकायला लावलं आणि माझ्या डोळ्यांदेखत इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. लाल खुणा, पिवळ्या खुणा, शेकड्यांनी. नंतर कळलं की त्या धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात. मग काळी खिडकी उघडून त्याने एक यादी काढली आणि शेवटचा लांबलचक नंबर मला पावती पुस्तकाच्या पाठीमागे लिहून घ्यायला सांगितला. 888डीसीए60 असा तो सुरू होतो. "हा तुमचा लायसन्स नंबर, आता आमच्या सर्व्हरवर काय आहे ते ऐका," म्हणून त्याने पूर्ण नंबर वाचून दाखवला. आकडा न् आकडा जुळला! हाच नंबर प्रत्येक विंडोजमध्ये असतो. शेजारच्या सायबर कॅफेतल्या मशीनवर मी नंतर स्वतः पाहिला. तेव्हा मात्र मला वाटलं, कंपनीचा माणूस नसता तर याला कसा माहीत असता?

आता ज्याचा विचार करून अजून झोप उडते ते सांगतो. त्याने "डीप स्कॅन" म्हणून त्याच काळ्या खिडकीत फाइलींची यादी सोडली. नावं सरसर वर पळत होती. यादी थांबली आणि तळाशी इंग्रजीत ओळ आली, रूटकिट सापडले. ती ओळ एकदम उमटली नाही. एकेक अक्षर येत होतं. मध्ये एक अक्षर चुकलं, मागे गेलं, पुसलं गेलं, परत बरोबर टाइप झालं. मी पाहिलं. कॉम्प्युटर स्वतःचा निकाल स्वतः लिहिताना बॅकस्पेस दाबतो का? मी रोज टॅलीत बसतो, हे मला कळायला नको? पण त्या क्षणी डोक्यात फक्त बियाण्याचे पैसे होते. बायको स्वयंपाकघरातून विचारत होती, "कोनाशी बोलू राहिले इतका वेळ?" मी तिला हाताने गप्प बसवलं.

साफसफाईचे 2,999, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,539. तेही त्याचं एनीडेस्क चालू असताना, नेटबँकिंगने. आयडी-पासवर्ड मी त्याच्या समोरच टाइप केला म्हणायचा. मग "लागण मोबाईललाही असेल" म्हणून मोबाईलवर तेच अ‍ॅप. "स्कॅन चालू आहे, फोन चार्जिंगला लावा, पालथा ठेवा." कॉम्प्युटरचा स्क्रीन काळा. ओटीपी मी कोणालाही दिला नाही, हे ठळक करून लिहितो, कारण बँक रोज उलट म्हणते. त्यांनी तो माझ्या मोबाईलवर बसून वाचला.

मेसेजचा आवाज लागोपाठ आला म्हणून फोन उलटला. 49,999 वजा. मी कॉम्प्युटरची वायर ओढली आणि त्याच मोबाईलवरून बँकेला फोन लावला. इथे ऐका: आधी मोबाईल फ्लाइट मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला लावा. माझा डेटा चालू होता, ते आत होते.

फोन 4 वाजून 12 मिनिटांनी लागला. मराठीसाठी अमुक, कर्जासाठी तमुक, मग संगीत. 4 वाजून 31 मिनिटांनी, संगीत चालू असतानाच, 38,500 गेले. माणूस बोलला 4 वाजून 38 मिनिटांनी. बँकेच्या कागदावर तक्रारीची वेळ 4:38 आहे, म्हणून दोन्ही रकमा माझ्या माथी. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मी प्रिंट काढून नेलं. ग्राहकाचा निष्काळजीपणा असला तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मेसेजला नुसतं उत्तर पाठवून हरकत घेता यावी अशी सोय ठेवायलाही त्यात सांगितलंय. शाखेतल्या साहेबांनी कागद चाळला, परत दिला आणि म्हणाले, "हे वरून येतं, आमच्या हातात काही नाही." मग माझा रोखलेला वेळ कोणाच्या हातात होता? पैसे जाईपर्यंत तुम्ही मला एकोणीस मिनिटं गाणं ऐकवलं त्याचं काय? कॉल लागल्याची वेळ माझ्या मोबाईलमध्ये आहे, त्याचा स्क्रीनशॉट घ्यायलाही कोणी तयार नाही. तुमच्यावर वेळ आली तर कॉल लॉग पुसू नका.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर लागला एकदाचा, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. पुढच्या एका खात्यात 11,260 अडवले गेले. बाकीचे तोवर पुढे निघाले होते. पोलीस ठाण्यात मात्र हवालदाराने पहिला प्रश्न केला, "अ‍ॅप तुम्हीच टाकलं ना?" मग सायबर पोलिसांकडे जा. सायबरला गेलो तर सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवरची तक्रार छापून आणा. छापून नेली तर निरीक्षक साहेब बंदोबस्ताला. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षकाच्या खालच्या हुद्द्याला करता येत नाही, हे कायद्यातच आहे, मान्य. पण कागद घेऊन पोच द्यायला कुठला हुद्दा लागतो? चोराने मला इतकं ताटकळत ठेवलं नव्हतं.

रूटकिटचं म्हणाल तर ते नव्हतंच. पुतण्या आला, विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन लावला. मशीन बंद होऊन परत चालू होतं आणि विंडोज उठण्याआधीच तपासणी होते, म्हणून लपणाऱ्याला लपता येत नाही. साधारण पंधरा मिनिटं, एक पैसा नाही. चालू मशीनला "तू साफ आहेस का" विचारण्यात अर्थ नाही, रूटकिट असलं तर उत्तरही तेच देणार. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. लाल पान ब्राउझरच्या नोटिफिकेशनची परवानगी काढल्यावर गेलं. रखडत होतं कारण हार्डडिस्क म्हातारी झाली होती.

घाण होती ती त्या लोकांनीच सोडलेली. एनीडेस्कला त्यांनी स्वतःचा पासवर्ड लावून ठेवला होता, न विचारता केव्हाही आत यायला. ते काढलं तरी मन मानेना. टॅलीचा डेटा तेवढा बाहेर काढला, दुसऱ्याच्या मशीनवर पेनड्राइव्ह बनवून सगळं फॉरमॅट केलं, पासवर्ड तिसऱ्याच मोबाईलवरून बदलले. त्याच मशीनवरून पासवर्ड बदलू नका.

अडवलेल्या 11,260 साठी बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात कोर्टाचा आदेश आणा. बँकेला लेखी तक्रार करून तीस दिवस झाले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, ती तक्रार टाकली आहे. 38,500 होल्डवर असताना गेले, एवढाच मुद्दा धरलाय. तुमच्यापैकी कोणाचे पैसे असेच बँकेचं संगीत ऐकताना गेले असतील आणि लोकपालाने काही निकाल दिला असेल, तर मला कळवा. "मी असतो तर" वाल्यांनी कळवू नये, ते घरात पुष्कळ आहेत.