ॲन्कीवर आठ महिने: पोलिश नवऱ्याचं इंग्रजी आणि आमचा अनुभव

आम्ही पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहतो, नवरा पोलिश. घरात बोलायची भाषा इंग्रजी, कारण माझं पोलिश अजून भाजीबाजारापुरतंच आहे. त्याचं इंग्रजी तसं चांगलं पण बी-टूला, म्हणजे मध्यमच्या वरच्या पातळीला, येऊन तीन वर्षं तिथेच थांबलेलं, मीटिंग निभावून नेतो, पण मनातलं काही बारीक सांगायचं झालं की शब्दच सापडत नाही आणि मग गप्प बसतो, ते मला बघवत नाही. म्हणून त्याच्या पुढच्या पातळीची, केंब्रिजची सी-वन ॲडव्हान्स्ड परीक्षा द्यायचं ठरलं आणि ऑक्टोबरपासून ॲन्की सुरू केलं, म्हणजे कार्डं दाखवून उजळणी करून घेणारं ॲप, जे येतं ते उशिरा आणि जे विसरतं ते लवकर परत दाखवतं. कार्डं बनवायला मी रोज सोबत, त्यामुळे हा रिव्ह्यू दोघांचा धरा.

पहिले तीन महिने वाया गेले, स्पष्टच सांगते. रेडीमेड डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, उतरवून घेतला, पुढे इंग्रजी शब्द, मागे पोलिश अर्थ, आणि रोज 20 नवीन कार्डं कारण ॲपमध्ये आधीपासून तेवढीच असतात. कार्ड दिसलं की अर्थ फटकन सांगायचा, पण तोच शब्द बोलताना कधीच तोंडात यायचा नाही. त्यात नाताळात सासरी गेलो, आठवडाभर ॲप उघडलं नाही, परत येऊन बघतो तर सहाशेच्या वर रिव्ह्यू, म्हणजे उजळणीची कार्डं, साचलेले. तो डेक मी त्याच्यासमोर डिलीट केला.

जानेवारीत नव्याने बसलो. एकच नियम, एकटा शब्द कार्डावर नाही, पूर्ण वाक्य आणि त्यात रिकामी जागा, आणि वाक्य आपल्याच आयुष्यातलं. रोज फक्त 8 नवीन. इथून खरा फरक पडायला लागला.

सगळ्यात जास्त छळलं ते सारख्या दिसणाऱ्या शब्दांनी. पोलिशमध्ये एव्हेन्तुआल्न्ये म्हणजे 'गरज पडली तर, जमलं तर'. इंग्रजीत इव्हेन्चुअली म्हणजे 'शेवटी होणारच'. याने क्लायंटला लिहिलं की मी इव्हेन्चुअली कॉलला येईन, म्हणजे याच्या मनात 'लागलंच तर येतो', आणि समोरचे चाळीस मिनिटं याची वाट बघत बसले. संध्याकाळी घरी आला तेव्हा चेहरा उतरलेला. तो मेल आम्ही जसाच्या तसा कार्डावर टाकला. तरी ते कार्ड चुकतच राहिलं, आठ वेळा विसरलं की ॲन्की त्याला लीच म्हणजे जळू ठरवून बाजूला काढतं, तसं ते निघालं. मग एकाच कार्डावर दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली, एक इव्हेन्चुअलीचं, एक पॉसिब्लीचं, आणि तेव्हा कुठे बसलं.

ऑर्डिनरीचंही तसंच. लग्न ठरताना व्हिडिओ कॉलवर माझे बाबा सांगलीहून म्हणाले, वी आर ऑर्डिनरी पीपल, आणि सासूबाई एकदम गप्प झाल्या, कारण पोलिशमध्ये ऑर्दिनार्नी म्हणजे असभ्य, शिवराळ. ते वाक्य आता आमच्या डेकमध्ये आहे आणि नवरा त्यात कधीच चुकत नाही, कारण तो कॉल तो विसरूच शकत नाही. उलट टेक पार्टसारख्या गोष्टींना कार्डच नको, पोलिशमध्येही 'भाग घेणे'च आहे, आपल्याकडेही तेच.

फ्रेझल व्हर्ब्जबद्दल, म्हणजे क्रियापदाला ऑफ, अप असा छोटा शब्द जोडला की अर्थच बदलतो त्यांच्याबद्दल, त्यानेच एक छान गोष्ट सांगितली. पोलिशमध्ये पिसाच म्हणजे लिहिणे, पोद्पिसाच सही करणे, प्षेपिसाच उतरवून काढणे, झापिसाच नोंदवून ठेवणे. म्हणाला, आमच्याकडे तो छोटा तुकडा पुढे लागतो आणि इंग्रजीत मागे, एवढंच. त्या दिवसापासून पुट ऑफ, पुट अक्रॉस, पुट अप विथ यांची त्याला धास्ती राहिली नाही. फक्त तिन्ही एका दिवशी घेऊ नका, एकमेकांत मिसळतात. आठवड्याला एक.

अजून एक, कार्ड बघून झाल्यावर दाबायची बटणं नीट वापरा. विसरलं की अगेन. हार्ड म्हणजे आठवलं पण कष्टाने. नवरा विसरल्यावरही हार्ड दाबायचा, ॲपला वाटायचं येतंय याला, आणि कार्ड अजून लांब जायचं.

मार्चमध्ये कळलं की ॲन्कीचं जुनं गणित, म्हणजे कार्ड परत कधी दाखवायचं ते ठरवणारं, पोलंडमधल्याच पोझनानच्या एका विद्यार्थ्याचं, प्योत्र वोझ्नियाकचं. 1985 मध्ये त्याने आधी कागदावर प्रयोग केले आणि 1987 मध्ये सुपरमेमो या उजळणीच्या सॉफ्टवेअरचा पहिला प्रोग्राम लिहिला, आणि त्याला पाठ करायचे होते त्यात इंग्रजी शब्दही होतेच! म्हणजे पोलिश माणसाने आधी हाच डोंगर चढताना काढलेली ही वाट आहे. नवऱ्याला त्याचा इतका अभिमान वाटला की त्या आठवड्यात एकही दिवस चुकला नाही. आता ॲपमध्ये एफएसआरएस नावाचं नवीन गणितही आहे, 2023 पासून, आम्ही ते चालू केल्यावर रोजचे रिव्ह्यू कमी झाले.

अँड्रॉइडवर आणि कॉम्प्युटरवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात, आम्ही भरले, पश्चात्ताप नाही.

परीक्षेच्या यूज ऑफ इंग्लिशमध्ये शब्द बदलून भरायचा भाग असतो, शुअर दिला तर रीअशुरन्स करायचं वगैरे, तिथे सराव पेपरमध्ये आठपैकी तीन-चार यायचे ते आता सात येतात.

जे सुधारलं नाही ते म्हणजे ए आणि द. पोलिशमध्ये आर्टिकल्स नाहीत, मराठीतही नाहीत, त्यामुळे तो चुकला तरी माझ्या कानाला खटकत नाही. कार्डांनी ते होणार नाही असं माझं मत झालंय. सध्या रोज रात्री एक परिच्छेद तो मोठ्याने वाचतो, मी त्यातले सगळे ए-द खोडून ठेवलेले असतात आणि तो ते परत भरतो. काल अकरातले नऊ बरोबर आले.