डेड हॉर्स रँच: वाळवंटातली तळी आणि आमचा रविवार

लेकीकडे अमेरिकेत, ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला आलेय. नोव्हेंबरातल्या रविवारी जावयांनी भल्या पहाटे गाडी काढली आणि दोन तासांत कॉटनवूडच्या डेड हॉर्स रँच स्टेट पार्कला पोहोचलो. ‘डेड हॉर्स’ म्हणजे मेलेला घोडा, नाव अभद्र वाटलं, पण हे रँच (गुराढोरांचं मोठं शेत) घेणाऱ्या कुटुंबातल्या मुलांनीच ते ठेवलं म्हणे. 1973 मध्ये जागा सरकारकडे गेली, तरी नाव तेच राहिलं.

चहूकडे रखरखीत डोंगर, आणि मधे व्हर्डे नदीकाठी तीन तळी. काठावरची झाडं पिवळीधम्मक झालेली. मी नाशिकची, नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात दर हिवाळ्यात जाणारी. इथे पाण्यावर वारकरी पक्षी दिसले आणि जीव हरखला! आपल्याकडच्यांचे हे अमेरिकन भाऊबंद. तीच पांढरी चोच, तेच लाल डोळे. आमची कयाक (वल्ह्यांची छोटी, अरुंद नाव) जवळ गेली तसे पाण्यावर पाय आपटत धावत सुटले. नातू वल्हं मारायचं विसरून बघतच राहिला. पुढे बोरूच्या बेटाशी एक मोठा बगळा उभा होता, आम्ही पाच हातांवर आलो तरी हलला नाही.

कयाक आम्ही बाहेरून भाड्याने नेली होती. तिची पाठ टेकायची पट्टी सैल निघाली, माझी कंबर धरली. घेताना बसून बघा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना इथे नावेत लाइफ जॅकेट सक्तीचं आहे, मापाचं न्या. मोटारबोटी नसल्याने पाणी शांत, नवशिक्यांना उत्तम. दुर्बीण मात्र विसरू नका. आम्ही डिसेंबरात परत जाणार आहोत, बदकं बघायला.