एमपीएससीसाठी पुणे गाठायचं का जळगावातच अभ्यासिका लावून ऑनलाइन करायचं?

ग्रॅज्युएशन झालं की चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा कुठलाही पोरगा घ्या, प्रश्न एकच, पुण्याला जाऊ का? मलाही सारखं कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. दोन्ही करून झालंय, आधी पुणे, नंतर जळगावात अभ्यासिका आणि मोबाईलवर कोर्स. राज्यसेवा, म्हणजे उपजिल्हाधिकारी-डीवायएसपीवाली मोठी परीक्षा, निघाली नाही, गट क मधून, म्हणजे लिपिक-करसहायकाच्या पातळीवर, पोस्ट निघाली, त्यामुळे माझं बोलणं त्या हिशोबानेच घ्या.

पैशाचं थोडक्यात सांगतो. पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरती, जागा, मेस, अभ्यासिका, चहा-झेरॉक्स धरून महिन्याला दहा-बारा हजार कुठे जातात कळत नाही, क्लासची फी वेगळीच. जळगावात घरचा डबा, अभ्यासिकेची फी आणि रिचार्ज. केळीचे भाव पडले की तिकडे मेसचं बिल थकतं, हे यावल-रावेरच्या पोरांना मी काय सांगू. बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या प्रायोजित बॅचला नंबर लागला तर विद्यावेतन मिळतं, मग हा हिशोबच बदलतो, आधी तिथे फॉर्म भरा.

पुण्याचं चांगलं काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल भो एकतर्फी लिहिलं. एक तर वातावरण. टपरीवर चार जण उभे राहिले तरी बोलणं कटऑफचंच चालतं, आणि आपण आज काहीच वाचलं नाही याची आपोआप लाज वाटते. दुसरं म्हणजे उत्तरलेखन. 2025 पासून राज्यसेवा मुख्य वर्णनात्मक झालीय, मेरिटला धरले जाणारे लेखी मार्क 1750, त्यातले 500 तर आपण निवडलेल्या ऑप्शनल विषयाचेच, म्हणजे लिहून कोणाला तरी दाखवल्याशिवाय गती नाही. ऑनलाइनमध्ये पानांचे फोटो काढा, पीडीएफ करा, अपलोड करा, आणि दोन-तीन दिवसांनी शेरा येतो, ‘गुड अटेम्प्ट, मांडणी सुधारा’. शेजारी बसणाऱ्या पोराचं उत्तर माझ्यापेक्षा एकदम वेगळं होतं, त्यालाही हाच शेरा. इथे पुणं पुढे आहे, मान्य.

पण माझं मन फिरलं ते एका गोष्टीने. क्लास नावाजलेला, हॉल भला मोठा, सकाळच्या लेक्चरसाठी पोरं पहाटेच बॅगा ठेवून जागा धरायची. मी लांब राहायचो म्हणून मागेच बसायला मिळायचं, आणि मागे बसलं की सर बोटाएवढे दिसायचे, फळा तर दिसायचाच नाही, त्यासाठी खांबाला टीव्ही लावलेले होते. म्हणजे रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून पुण्याला यायचं, एवढी फी भरायची, आणि सरांना बघायचं टीव्हीवरच. तोही टीव्ही थांबवता येत नाही. पंचायतराजचं कलम लिहून घेता घेता सर पुढे गेले की गेलेच, डाउट विचारायचा तर लेक्चर संपल्यावर जिन्यात गर्दी, तिथे आपला नंबर येईपर्यंत सर गाडीत बसलेले. एक दिवस ताप आला म्हणून रूमवर पडलो आणि बुडालेलं लेक्चर त्याच क्लासच्या ॲपवर बघितलं. फळा स्वच्छ दिसला, दोनदा मागे नेऊन ऐकलं. त्या दिवसापासून त्या हॉलमध्ये बसलो की चिडचिडच व्हायची.

जळगावात आल्यावर तसंच केलं, लेक्चर दीडच्या स्पीडने, जिथे अडलं तिथे साधं. स्क्रीनवर आपलाच मोबाईल नंबर फिरत राहतो, कोणी रेकॉर्ड करू नये म्हणून, त्याची सवय होते. त्रास वेगळेच आहेत. लेक्चर साचतात. ‘रात्री बघू’ म्हणत म्हणत अख्खा इतिहास मागे राहतो आणि त्याबद्दल विचारणारं कोणी नसतं. आणि घरी बसून अभ्यास करायचा तर विसरा, पोरगं रिकामंच आहे असं सगळ्या गावाला वाटतं, पाहुण्यांना स्टँडवरून आणा, मोटर चालू करून या, लग्नाच्या पत्रिका वाटा. म्हणून अभ्यासिका पाहिजेच, आणि कूलर-इन्व्हर्टर असलेलीच बघा, मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत संविधान डोक्यात शिरत नाही.

माझ्या चुलत बहिणीला घरून पुण्याची परवानगी मिळणं शक्यच नव्हतं, ऑनलाइन आलं म्हणून तिला तयारी तरी करता आली. उलट धडगाव-अक्कलकुव्याकडच्या ज्या पाड्यांवर रेंजच धरत नाही तिथल्या पोरांना हे सांगण्यात अर्थ नाही, त्यांनी निदान शहादा किंवा नंदुरबारला खोली करावी.

प्रत्येकाचं वेगळं असतं, स्वतःहून उठून बसणं जमतच नसेल तर पुण्याला जा, त्यात वाईट काही नाही. पण मला विचाराल तर राज्यसेवा पूर्व आणि संयुक्त (गट ब, गट क) परीक्षेसाठी तरी इथेच थांबा, एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, जुने पेपर आयोगाच्या साइटवर आहेत, एखादा कोर्स घेतला की भागतं. पूर्व निघाली तर मुख्यच्या टेस्ट सिरीजपुरते दोन-तीन महिने पुण्याला जाऊन या, तेव्हा तो खर्च वसूल होतो. कोर्स घेताना व्हॅलिडिटी मात्र बघून घ्या, परीक्षा पुढे गेली म्हणून ॲपवाले एक दिवससुद्धा वाढवून देत नाहीत, मला ऐन परीक्षेच्या तोंडावर पुन्हा पैसे भरावे लागले होते.