सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी : वारज्यातील एका गटाच्या कामाविषयी

गेल्या श्रावणात सासूबाईंची दोन नऊवारी लुगडी आणि तीन पाचवारी पातळे पिशवीत भरून मी पुण्याच्या वारजे परिसरातील, एका इमारतीच्या तळमजल्यावर काम करणाऱ्या गोधडी-गटाकडे गेले. सात-आठ स्त्रिया तेथे जमिनीवर बसून हाताने शिवतात. गोधडी आश्विनात हाती आली, थंडीभर अंगावर राहिली आणि दोनदा धुऊनही झाली, त्यामुळे तिच्याविषयी आता खात्रीने लिहिता येईल.

पहिल्याच भेटीत तेथील ज्येष्ठ ताईंनी प्रत्येक वस्त्र उजेडासमोर धरून पाहिले. विरलेला भाग कोणता आणि अजून दम असलेला कोणता, हे त्यांनी बोटांनी चाचपून खडूने आखले. एका पातळाच्या कडेचा धागा ओढून त्यांनी तो काडीवर धरला. तो जळून राख होण्याऐवजी वितळून मणी झाला. ‘‘काकू, हे नायलॉन आहे. आत घातले तर सुती थरांवर सरकत राहील आणि घामही शोषणार नाही,’’ असे सांगून त्यांनी ते पातळ घडी घालून परत दिले. सासूबाईंचे ते आवडते पातळ होते, म्हणून मला थोडे वाईट वाटले. पण गिऱ्हाइकाने आणलेले सगळे मुकाट्याने आत कोंबणारे कारागीरही मी पाहिले आहेत. त्या गोधड्या वर्षभरात आतून गोळा होतात आणि मग कितीही झटकल्या तरी सरळ होत नाहीत.

माझी गोधडी पाच फूट बाय सात फूट आहे. तिच्यात कापडाचे सहा पदर, म्हणजे थर, आहेत, एकूण सुमारे साडेएकोणीस चौरस मीटर कापड. एका नऊवारी लुगड्यात साधारण नऊ आणि पाचवारीत सहा चौरस मीटर कापड असते, त्यामुळे विरलेले भाग वगळूनही वरच्या तुकडेकामाला पुरेसे उरले. कापूस किंवा कृत्रिम भरण मुळीच घातलेले नाही. वजन दीड किलोच्या आसपास आहे आणि पुण्यातील पौषाच्या पहाटेला ती एकटी पुरली.

खरे कौतुक धावदोऱ्याचे करायला हवे. दोन ओळींमध्ये जेमतेम एका बोटाचे, म्हणजे दोन सेंटिमीटरचे अंतर आहे. या हिशेबाने एका गोधडीत सुमारे १६० मीटर धावदोरा होतो, आणि सेंटिमीटरला एक टाका धरला तर सोळा हजार टाके. पाश्चात्त्य पद्धतीच्या हातकामात पुष्कळदा मध्यापासून कडेकडे शिवत जातात, म्हणजे कापडातील सैलपणा बाहेर ढकलला जातो. येथे उलट, चारही कडा आधी बांधून घेतात आणि चौकोनात चौकोन घालत आत जातात. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूर भागात राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडीही अशीच कडेकडून आत शिवली जाते. या पद्धतीत सगळा सैलपणा मध्यावर येऊन साठण्याचा धोका असतो आणि दोरा किंचित जास्त ओढला गेला तरी शेवटच्या चौकोनात झोळ येतो. माझ्या गोधडीच्या मध्यावर मी तळहात फिरवून पाहिला, पाठीमागून उजेड धरून पाहिला. तेथे झोळ नाही. कडेपासून मध्यापर्यंत दोऱ्याचा ताण सारखा राखणे हे वर्षानुवर्षे मुरलेल्या हाताचेच काम आहे. दोराही सुती वापरला आहे, जो जुन्या मऊ कापडाला कापत नाही.

उणीव आहे ती गोटात, म्हणजे कडेच्या पट्टीत. कडेला त्यांनी नवे लाल सुती कापड लावले आणि ते आधी धुऊन घेतले नव्हते. पहिल्या धुण्यात त्याची खळ निघाली, रंग सुटला आणि शेजारच्या पांढऱ्या तुकड्यांवर दोन ठिकाणी गुलाबी छटा उतरली. शिवाय सासूबाईंची लुगडी शेकडो धुण्यांत आटायची तेवढी आटून स्थिर झालेली होती, तर नवे कापड त्याच दिवशी आटले. त्यामुळे कडेला बारीक चुण्या पडल्या. आतल्या कापडाची एवढी पारख असलेल्या हातांकडून हे व्हायला नको होते. तक्रार केल्यावर त्यांनी गोट विनामूल्य बदलून दिला, मात्र गुलाबी डाग राहिले. सहा आठवड्यांचा वायदा नऊ आठवड्यांवर गेला, याचे मला वाईट वाटले नाही. उशीर होणार हे मला स्वतः विचारून कळले, याचे वाटले. शिलाई साडेचार हजार रुपये पडली, आणि सोळा हजार टाके डोळ्यांपुढे ठेवले तर ती जास्त म्हणता येत नाही.

हा गट भिंतीवर टांगण्याचे लहान पटही करतो. ते मला भावले नाहीत. बाजारातून आणलेले नवे, रंगसंगती जुळवलेले तुकडे आणि त्यांवर पदर बांधण्याचे काहीच काम नसलेला, केवळ दिसण्यासाठी घातलेला धावदोरा, असे त्यांचे स्वरूप आहे. गोधडी भिंतीवर शोभत नाही असे मी म्हणत नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ साली जुन्या अमेरिकी गोधड्या अमूर्त चित्रांसारख्या टांगून दाखवल्या, आणि अलाबामातील जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली तेथेच मांडल्या गेल्या. त्यांतील कित्येक कामाच्या झिजलेल्या कपड्यांतून घडल्या होत्या; कापड मिळेल तसे जोडताना घ्यावे लागलेले निर्णय त्यांच्या रचनेत दिसतात. या गटाच्या पांघरायच्या गोधडीतही तसे निर्णय आहेत. माझ्या गोधडीत एका लुगड्याचा हिरवा काठ तीन ठिकाणी तुटक येतो, कारण मधला भाग विरला होता, आणि त्या तुटकपणामुळेच नजर सगळ्या चौकोनांवरून फिरते. त्यांनी पटही विरलेल्या कापडातूनच करून पाहावेत, असे मी ताईंना सांगितले आहे.

उरलेल्या लुगड्याच्या तुकड्यांतून नातवासाठी दुपटे शिवायला मी पुन्हा त्यांच्याकडेच दिले आहे. या वेळी गोट त्याच लुगड्याच्या काठाचा लावायचा, त्यातले जरीचे धागे मात्र काढून टाकायचे कारण ते बाळाला टोचतात, आणि तारीख पुढे जाणार असेल तर आठ दिवस आधी कळवायचे, एवढे पावतीच्या मागे लिहून घेतले आहे.